झाड रुसत नाही

४ जानेवारी, रविवार

आणि मी म्हणतो, एवढं आभाळ कोसळायला झालं काय होतं? मी चोरी करून पळालो नव्हतो. सांगून-सवरून, पाया पडून इथं लाँड्रीत कामाला आलो. दीड वर्ष झालं. दर महिन्याला पैसे पोचतात. पोचले हे ताई सांगते. बाप असून अण्णा सांगत नाहीत.

आजही तेच. फोन केला तर ताई म्हणाली, "अण्णा पडलेत जरा."

मी म्हटलं, "रविवारी? सकाळी अकराला? दुकानात डोक्यांची रांग लागली असेल, आणि अण्णा पडलेत?"

"भिंगऱ्या, जीभ आवर." आणि फोन ठेवला.

भिंगऱ्या हे नाव अण्णांनीच ठेवलेलं, आता इथं कामावरही तेच चालतं. माझ्या पायाला भिंगरी आहे म्हणे. त्यांचं दाढी-कटिंगचं दुकान, एक खुर्ची, एक आरसा, एक बाकडं. मी तिथं बसावं, लोकांची डोकी धरावीत, एवढीच त्यांची इच्छा. मला त्या आरशात रोज तेच तोंड बघून वेड लागायची पाळी आली होती. निघालो तेव्हा ते म्हणाले, "जा. उंबरा ओलांडलास की माझ्या तोंडून एक शब्द ऐकायला मिळणार नाही."

माणूस शब्दाचा पक्का निघाला. ज्यांची जीभ कात्रीपेक्षा जोरात चालते, गिऱ्हाइकाची दाढी होईपर्यंत त्याच्या तीन पिढ्यांची कुंडली काढतात, ते अण्णा. पहिलं वर्षभर निदान मागून ओरडायचे. "त्याला सांग, फोनचे पैसे झाडाला लागत नाहीत!" "त्याला विचार, तिथं उपाशी ठेवतात का, आवाज बारीक झालाय!" म्हणजे माझ्याशी बोलायचं नाही, पण मला ऐकू जाईल असं बोलायचं. तेवढ्यावर माझं भागत होतं. ऑक्टोबरपासून तेही बंद. तेव्हा ते न्हाणीत घसरून पडले होते. ताई म्हणाली फार लागलं नाही. पण तेव्हापासून राग जो टोकाला गेला तो गेला. पडले तेही माझ्यामुळेच असणार.

ही वही म्हणजे लाँड्रीचं जुनं रजिस्टर. रकाने छापलेत: चादरी, अभ्रे, टॉवेल, शेरा. मी आडवा लिहितो, सगळ्या रकान्यांवरून. सातवीपर्यंतच शिकलो, तेव्हा अक्षर कोण बघतंय.

९ जानेवारी

आज हॉटेलच्या ट्रॉलीत एक झाड निघालं.

सकाळी मळक्या कपड्यांच्या ट्रॉल्या येतात, त्या मी उपसतो. चादरी डावीकडे, टॉवेल उजवीकडे, डागाचं वेगळं. टॉवेलच्या ढिगात हाताला काहीतरी गार लागलं. मला वाटलं, कुणाचा बूट. बघतो तर चिनी मातीची पांढरी कुंडी, त्यात चार जाड पानं, लोळागोळा झालेली, म्हाताऱ्याच्या कानासारखी. मध्ये एक वाळकी काडी. फुलं झडून गेलेली.

मुकादम म्हणाला, "फुलं गेली की फेकतात ते लोक. कचऱ्यात टाक."

माझ्यासोबत खोलीत राहणारा लंबू म्हणाला, "ऑर्किड आहे. फार महाग असतं."

"महाग असतं तर फेकलं कशाला?"

"फुलं महाग असतात. झाड नाही."

हे ऐकून मला काय झालं कुणास ठाऊक. टाकलं नाही. जेवणाच्या डब्याशेजारी ठेवलं आणि सुट्टी झाल्यावर वर खोलीत आणलं.

११ जानेवारी

कुंडीत माती नव्हतीच. नुसतं ओलं शेवाळ कोंबलेलं. लोकांना झाड कसं लावतात तेही कळत नाही. रस्त्याकडेच्या झाडाच्या आळ्यातून चांगली काळी माती आणली, शेवाळ काढून ती दाबून भरली. मुळं बाहेर लोंबत होती, ती पण आत ढकलली. वरून तांब्याभर पाणी. आमच्या घरामागं ताई भाज्या लावायची ते बघितलंय मी. माती, पाणी, ऊन. चौथं काही लागत नाही.

एक पैज लावली आहे. कुणाशी ते विचारू नये. हे झाड जगलं तर अण्णा बोलतील.

१४ जानेवारी

पाणी घातलं. काही फरक नाही.

१५ जानेवारी

पाणी घातलं.

१८ जानेवारी

लंबूने झाडाचं नाव रुसूबाई ठेवलं आहे. बरोबर आहे. मी कामावरून येतो, आधी तिला पाणी देतो मग स्वतः पितो, आणि ती भिंतीकडे मान टाकून बसते. पानं आणखी सुरकुतली. आज मी तिला चांगलं सुनावलं. म्हटलं, "तुझ्यासाठी आणखी काय करायचं? उचलून आणलं, खायला-प्यायला घातलं, तोंड का वाकडं?" लंबू अंथरुणावर पडून हसत होता. म्हणाला, "लग्न कर रे बाबा. झाडाला तरी सुख लागेल."

ताईला फोन केला. पैसे पोचले. पुढच्या वेळी थोडे जास्त जमले तर बघ म्हणाली, दुकानाला रंग काढायचाय. दुकान बंद आहे म्हणे त्यासाठी. मी विचारलं, "रंग कुठला?" मग म्हणाली, "निळा." आमचं दुकान निळंच आहे. निळ्यावर निळा.

"अण्णांना दे."

"झोपलेत."

"त्यांना म्हणावं, मुलाचे पैसे चालतात, मुलगा चालत नाही का?"

"नाही म्हणणार मी असलं काही," ताई म्हणाली. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी ती. आई गेली तेव्हापासून तिनेच दोघांच्या मध्ये उभं राहून आमची भांडणं झेललीत. आता दमली असेल.

२५ जानेवारी, रविवार

आज एक पान गळालं. हात लावला आणि देठातून सुटून हातात आलं, पिवळं, बुळबुळीत. लंबूने पैज ऐकली असती तर हसला असता, पण मला हसू येत नव्हतं. कुंडी उचलली आणि चौकातल्या फुलवालीकडे गेलो. मावशी म्हणतात तिला सगळे. टोपलीत हात घालून काटे काढत बसलेली असते, बोटांना सदा पट्ट्या.

तिने कुंडी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

"पोटच्या पोराला असं विहिरीत ढकलशील का?"

"मावशी, काय केलं मी? माती घातली, पाणी घातलं."

"माती कशाला घातलीस?"

"झाड आहे. माती नको तर काय सतरंजी घालू?"

मागं उभं असलेलं गिऱ्हाईक हसलं. मावशी हसली नाही. तिने कुंडी उपडी केली आणि माती झटकली. आतून मुळं निघाली, काळी, दाबली की पाणी सुटणारी. नाकाजवळ धरली तर गटारासारखा वास.

"हे मातीतलं झाडच नाही," ती म्हणाली. "रानात दुसऱ्या झाडाच्या खांद्यावर बसतं हे. मुळं हवेत सोडून. हवाच पितं. तू त्याला पुरलंस, आणि वरून रोज तांब्या ओतलास. या कुंडीला खाली भोकसुद्धा नाही."

मला लाज वाटली. लाज वाटली की मी तोंड चालवतो. म्हटलं, "मला वाटलं रुसलंय. इतकं करतोय तरी बघत नाही."

"झाड रुसत नाही रे. रुसायला माणूस लागतो. झाड आजारी असतं. रुसलंय म्हटलं की आपलं काम सोपं होतं, एवढंच. मग नुसतं वाट बघत बसायचं."

मग तिने सांगितलं: सडलेली मुळं कापायची, टणक असतील तेवढी ठेवायची. कापल्या जागी दालचिनीची पूड लावायची. झाडाच्या सालीचे तुकडे तिने पिशवीत भरून दिले, त्यात बसवायचं, भोकं असलेल्या भांड्यात. आठवड्यातून एकदा पाणी, तेही पाजून निथळून घ्यायचं. बाकी सहा दिवस हात लावायचा नाही.

"सहा दिवस नुसतं बघायचं?"

"बघायचं. तेच कठीण असतं. पाणी काय, कुणीही ओततं."

त्याच दिवशी, संध्याकाळी

कात्री लागणार होती. माझ्या पिशवीत अण्णांची मिशीची कात्री आहे. बोटभर लांब, टोकदार. घर सोडलं तेव्हा इथं येऊन पिशवी उघडली तर शर्टाच्या घडीत निघाली. ताईला विचारलं, ती म्हणाली मी नाही घातली. चुकून आली असणार. दीड वर्षात तिला हात लावला नव्हता.

काडी पेटवून पाती भाजून घेतली. हे मला कुणी सांगावं लागत नाही. दुकानात रोज बघितलंय. मुळं एकेक करून बोटात धरली, दाबून बघितली, मऊ लागेल ते कापलं. कापताना अण्णांचा आवाज कानात. "जपून. कमी काढलेलं पुन्हा काढता येतं, जास्त काढलेलं परत लावता येत नाही." हे ते प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचे, आणि मला दिवसातून दहादा.

सतरातली पाच मुळं उरली. लंबूच्या प्लास्टिकच्या डब्याला खिळा तापवून भोकं पाडली. डबा त्याला न विचारता घेतला. पानं तीन. मुळं पाच. बघू.

२९ जानेवारी

गुरुवार पाण्याचा वार ठरवला. पाणी दिलं, निथळवलं. मुळं चंदेरी होती ती भिजल्यावर हिरवी झाली, डोळ्यांदेखत! म्हणजे पितंय. मावशी म्हणाली होती, हिरवं झालं की समज जीव आहे.

खोलीत उजेड नाही, खिडकीसमोर भिंत. झाड खाली कामावर नेलं. इस्त्रीच्या रोलरशेजारी उंच खिडकी आहे, तिच्या कट्ट्यावर ठेवलं. तिथं दिवसभर वाफ. रोलरवर काम करणारे इस्त्रीकाका, ज्यांना मुकादमही वचकून असतो, ते म्हणाले, "माझ्या डोक्यावर पडलं तर तुलाच इस्त्रीत घालीन." म्हणजे चालेल.

६ फेब्रुवारी

काही नाही.

१२ फेब्रुवारी

काही नाही. मुळं चंदेरी, मग हिरवी, मग परत चंदेरी. पानं तशीच मलूल. काका म्हणाले, "रोज काय बघतोस? अंडं उबवतोयस का?"

पैज मावशीला सांगितली नाही. तिला वेडेपणा वाटेल.

१५ फेब्रुवारी

ताईने फोटो पाठवला. मीच हट्ट धरला होता महिनाभर.

अण्णा घरातल्या खुर्चीत बसलेत. खांद्यावरून शाल, उजवा हात पुरा शालीत. मान खिडकीकडे वळवलेली. तोंडाची एकच बाजू दिसते. फोटोतसुद्धा माझ्याकडे बघायचं नाही! ताई म्हणाली असेल, भिंगऱ्याला पाठवायचाय, इकडे बघा. आणि यांनी मान फिरवली असेल.

केस मानेवर आलेत. लोकांचे केस कापणाऱ्याचेच केस वाढलेले मी जन्मात बघितले नव्हते. ते तर दर पंधरा दिवसांनी दोन आरसे लावून स्वतःचे स्वतः कापायचे. आणि सगळ्यांना दाखवायचे, "बघा, मागचे पण सरळ!"

फोटो किती वेळ बघितला. मग मोठा करून बघितला. शर्टाची गुंडी वरखाली लागली आहे. ताईचं लक्ष नाही का?

मला त्यांच्या मानेवर हात ठेवावासा वाटला. तिथं खळगा आहे एक, लहानपणी पाठुंगळी बसलो की माझी हनुवटी तिथं टेकायची. साबण आणि तुरटीचा वास यायचा. इथं दिवसभर साबणातच असतो मी, पण तो वास नाही.

१ मार्च

भांडलो. लिहितो म्हणजे डोकं शांत होईल.

ताई बोलता बोलता म्हणून गेली, "थांब, पाणी तापलंय, अण्णांची दाढी करायचीय."

मी म्हटलं, "कुणी? तू?"

तिने भांडं उतरवल्याचा आवाज आला.

"अण्णांची दाढी तू करतेस? एवढे नबाब झाले? तीस वर्षं दुसऱ्यांच्या दाढ्या केल्या, आता स्वतःची करायला हात दुखतात? दुकान बंद ठेवायचं, बसून खायचं, मुलीकडून दाढी करून घ्यायची, आणि मुलगा परमुलखात चादरी उपसतोय त्याच्याशी बोलायचं नाही!"

ताई म्हणाली, "बोलून झालं?"

"नाही झालं. त्यांना फोन दे. आज मी बोलणारच."

"ते बोलणार नाहीत रे."

"माहितीय!"

"तुला काहीच माहीत नाही," ती म्हणाली. मग हळू म्हणाली, "येऊन जा ना एकदा." आणि लगेच, "नको, राहू दे. काम सोडू नकोस. सुट्टी मिळेल तेव्हा बघ."

ये म्हणते आणि नको म्हणते. मी म्हटलं, ज्यांनी घालवलं त्यांनी बोलवावं. एक शब्द. ये. दोन अक्षरंसुद्धा नाहीत. तेवढं बोलले तर त्याच दिवशी निघतो.

फोन बंद करताना मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला, चमचा असेल.

२२ मार्च

तीन आठवडे फोन केला नाही. पैसे पाठवले. त्यांचा अबोला, माझा अबोला. बघू कुणाचा टिकतो.

टिकवणं सोपं नाही. दिवसभर चादरींची घडी घालताना मनातल्या मनात बोलतच असतो त्यांच्याशी. घडीचं एक टोक मी धरतो, दुसरं लंबू. लंबूने आज विचारलं, "ओठ काय हलवतोयस?"

१० एप्रिल

मूळ!!

काकांनीच आधी बघितलं. रोलर बंद करून ओरडले, "अरे भिंगऱ्या, तुझ्या रुसूबाईने जीभ दाखवली!" धावलो. खालच्या पानाच्या बगलेतून हिरवं टोक, गव्हाच्या दाण्याएवढं, ओलं असल्यासारखं चकचकीत. त्या काळ्या-करड्या पसाऱ्यात एवढाच एक ताजा रंग. हात लावला नाही. शपथ. नुसतं बघत उभा राहिलो तर मुकादम म्हणाला, "पगार कापू का?" पण तोही येऊन बघून गेला.

जगलं. म्हणजे पैज जिंकलो.

१२ एप्रिल, रविवार

फोन केला. आवाजात राग ठेवलाच नाही. ताईला म्हटलं, "अण्णांना दे. आज ते बोलतील."

"कशावरून?"

"तुला नाही कळणार. दे तर."

तिने खरंच दिला. कुठंतरी फोन घासल्याचा आवाज, मग श्वास. त्यांचाच. मी ओळखतो, दाढी करताना कानाजवळ असाच लागायचा.

"अण्णा."

श्वास.

"अण्णा, मी बोलतोय. झाड जगलं."

श्वास जोरात झाला. घशातून काहीतरी खरखरलं, खाकरल्यासारखं. मी थांबलो. मनात शंभरपर्यंत मोजलं. काही नाही. मग ताईचा आवाज, "झालं का रे?" मी काही न बोलता बंद केला.

खाली जाऊन झाड फेकून देणार होतो. खरंच हातात घेतलं होतं. मग ते टोक दिसलं.

मावशीकडे गेलो. तिला सगळी पैज सांगितली, अण्णांचा अबोला, माझी पावणेदोन वर्षं, सगळं. तिने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "पैज झाडाला माहीत होती?"

"नाही."

"वडिलांना?"

"नाही."

"मग चिडलास कुणावर?" हातातला गुच्छ बांधत राहिली. मग म्हणाली, "फोन कानाला लावला ना त्यांनी? खाली नाही ठेवला?"

"नाही ठेवला."

"मुळं चंदेरी होती, हिरवी झाली. तेव्हा झाड काय बोललं होतं तुझ्याशी?"

मी म्हटलं, माणसांचं वेगळं असतं. ती म्हणाली, असेल बाबा.

३० एप्रिल

मूळ पेराएवढं झालं. मधोमध नवीन पानाची चोच निघाली. पाणी दिलं.

मावशी म्हणते फुलाला वर्ष लागेल, कदाचित जास्त. आधी मला वाईट वाटलं असतं.

१७ मे, रविवार

आज मी ठरवलं होतं की मीच बोलायचं. उत्तराची वाट बघायची नाही.

ताईला म्हटलं, "त्यांच्या कानाला धर. बोलायची सक्ती नाही म्हणावं." ती म्हणाली, "धरते." आणि मी सुरू झालो. ट्रॉलीतली कुंडी, माती, मावशीचं विहिरीत ढकलणं, सगळं. सतरातली बारा मुळं कापली ते सांगितलं. म्हटलं, "अण्णा, मिशीच्या कात्रीने कापली. चुकून माझ्या पिशवीत आली होती ती. तुम्ही शोधली असेल. पाती भाजून घेतली होती, काळजी करू नका. कमी काढलेलं पुन्हा काढता येतं, ते लक्षात ठेवलं. हात नाही थरथरला." काकांचं सांगितलं, लंबूचा डबा सांगितला. श्वास ऐकू येत होता. मध्ये एकदा हसल्यासारखा झाला. मी थांबलोच नाही. दहा मिनिटं तरी बोललो असेन. त्यांच्याइतकं नाही, पण त्यांच्यासारखं.

मग संपलं. मी म्हटलं, "बरं अण्णा. ठेवू?"

मग आवाज आला.

कच.

मला आधी कळलं नाही. परत, कच. मग बऱ्याच वेळाने तिसरा. कच.

कात्री. अण्णा कुठलंही डोकं हातात घेतलं की आधी तीनदा कात्री हवेत चालवायचे. कच कच कच. मी लहानपणी विचारलं होतं, का? म्हणाले, "गिऱ्हाइकाला सांगतो, मी आलोय, आता हलू नकोस."

पण त्यांची कात्री म्हणजे पाऊस पडल्यासारखी चालते. ही अडखळत होती. मध्ये मध्ये थांबत होती, नवशिक्याची असते तशी. मी शिकत होतो तेव्हा माझी अशीच चालायची, आणि ते सगळ्या दुकानासमोर माझी नक्कल करायचे. म्हणजे आज माझी टिंगल केली त्यांनी! बोलायचं नाही हा शब्द पाळला, आणि टिंगल पण केली. अस्सल अण्णा.

मला हसू आलं. हसता हसता डोळे भरले, वाफेने भरतात तसे.

ताईने फोन घेतला. "ऐकलंस?"

"ऐकलं. नकला करतायत माझ्या."

ती नाकातून म्हणाली, "हो. नकलाच." सर्दी झाली आहे तिला.

"ताई, त्यांना म्हणावं, बोलायचं नसेल तर नका बोलू. आहे ते चालेल मला."

"खरंच चालेल?"

"कात्रीने बोलले तरी चालेल."

"मीच सांगू? की तू सांगशील, येऊन?" ती म्हणाली.

२४ मे

मुकादमाने तीन आठवड्यांची रजा दिली. बिनपगारी. म्हणाला, "परत येशील ना? की भिंगरी लागली?" मी म्हटलं, झाड इथंच ठेवून चाललोय. त्यावर त्याने सही केली.

नेणार होतो बरोबर, अण्णांना दाखवायला. मावशी नाही म्हणाली, नवं मूळ प्रवासात मोडेल. काकांच्या हवाली केलं. खिडकीवर खडूने लिहून ठेवलं: गुरुवारी पाणी. बाकी दिवस नुसतं बघणे. काका म्हणाले, "नुसतं बघायला काय माझी सून आहे?" पण मघाशी वळून बघितलं तर चष्मा वर करून मुळाजवळ वाकले होते.

लंबूला नवा डबा घेऊन दिला.

३१ मे

परवा निघतोय. घरी कळवलेलं नाही.

लंबू म्हणाला, "घरी जायचंय तर केस काप, अस्वल दिसतोस." बसवत होता मला खुर्चीवर. मी नाही म्हटलं. हे केस अण्णांनीच कापायचे. दुकानाला निळ्यावर निळा रंग झालाच असेल. कुलूप काढायचं, खुर्ची पुसायची, आरशासमोर बसायचं. त्यांच्या मानेवरचे वाढलेत ते नंतर मी कापीन, दोन आरसे लावायची गरज नाही. ते एक शब्द बोलले नाहीत तरी हरकत नाही. तीनदा कात्री चालवली की मला कळेल. मी हलणार नाही. ते म्हणतील तितका वेळ हलणार नाही.

पिशवी भरली. कात्री रुमालात गुंडाळून शर्टाच्या घडीत ठेवली, होती तशी.

आज पैसेही टाकले. दर महिन्याला सात हजार जातात. पावतीवर निरोपाची एक ओळ असते, ती मी कधी भरत नाही, आजही कोरीच सोडली. ताई आकडा बघून घाबरेल, फोन करून विचारेल, एवढे कमी कसे? फोन मी उचलणार नाही. बाकीच्याचं तिकीट काढलंय, ते तिला दारात दिसेल. पाठवले, दोन हजार तीनशे.